चाच्यांच्या काळातली रीएनॅक्टमेंट: नवख्यांसाठी, गटापासून ठासणीच्या बंदुकीपर्यंत

जॉन फिलिप्स या चाच्याच्या टोळीने १७२३ साली आपले नियम कागदावर उतरवले. त्यातलं एक कलम असं होतं: जहाजाच्या पोटात जो कुणी बंदुकीचा चाप उडवेल, झाकण नसलेल्या चिलमीतून तंबाखू ओढेल किंवा कंदिलाशिवाय पेटती मेणबत्ती नेईल, त्याच्या उघड्या पाठीवर चाळीसला एक कमी इतके फटके. कारण उघड आहे. खाली बंदुकीच्या दारूची पिंपं, वर डांबर फासलेलं लाकूड आणि चहूकडे समुद्र. बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावरही प्रत्येकाने आपली बंदूक, पिस्तुलं आणि कटलस (खलाशाची आखूड तलवार) साफ आणि कामाच्या स्थितीत ठेवायची असा नियम होता.

रीएनॅक्टमेंट म्हणजे इतिहासातला एखादा काळ त्याच वेशात, त्याच शस्त्रांनी पुन्हा उभा करून दाखवणं. म्हणून चाच्यांची रीएनॅक्टमेंट म्हणजे रंगीत कपड्यांतली मोकाट हाणामारी, अशा समजुतीने कुणी येत असेल तर आधीच सांगते: या छंदात सगळ्यात कडक असतात ते शस्त्रांचे नियम, आणि ते तसेच हवेत. अमेरिकेत राहणारी मराठी मंडळी मला जे प्रश्न विचारतात, त्यावरून हा लेख लिहिला आहे. ब्रिटनमधल्यांसाठीही थोडं आहे. क्रम मुद्दाम लावला आहे. आधी गट, मग काळ, मग कपडे, त्यानंतर तलवार आणि सगळ्यात शेवटी बंदूक. बहुतेक लोक हे उलटं करतात. आधी ऑनलाइन पिस्तूल मागवतात आणि मग ते कुठे वापरायचं ते शोधत बसतात.

आधी प्रेक्षक म्हणून जा

व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनला चाच्यांचा मोठा उत्सव भरतो, तो ब्लॅकबिअर्ड या चाच्याच्या नावाने. नोव्हेंबर १७१८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या ओक्राकोक बेटापाशी लेफ्टनंट रॉबर्ट मेनार्डने त्याला मारलं आणि त्याचं मुंडकं जहाजाच्या पुढच्या डोलकाठीला टांगून व्हर्जिनियात आणलं, त्याची ही आठवण. फ्लोरिडात सेंट ऑगस्टीनला रॉबर्ट सर्ल या चाच्याने १६६८ साली गाव लुटलं होतं. त्या हल्ल्याचं सादरीकरण तिथल्या गल्ल्यांतूनच होतं. त्या लुटीनंतर स्पॅनिश लोकांनी १६७२ पासून शिंपल्यांच्या दगडाचा जो किल्ला बांधायला घेतला, तो कास्तियो दे सान मार्कोस आजही उभा आहे आणि तिथे तोफेचे बार उडवून दाखवतात.

सगळ्या चाचे-उत्सवांत रीएनॅक्टमेंट असते असं नाही. इंग्लंडमध्ये हेस्टिंग्जला २०१२ साली १४,२३१ लोक चाच्यांच्या वेशात एकत्र आले आणि जागतिक विक्रम झाला. मजेचा दिवस म्हणून ते छानच. पण रीएनॅक्टमेंटमध्ये एक ठरावीक काळ, एक ठरावीक जागा आणि पुरावा लागतो. दोन्हींतला फरक एकदा डोळ्यांनी बघा, म्हणजे तुम्हाला नेमकं काय हवंय ते कळेल.

प्रेक्षक म्हणून गेलात की धूर आणि आवाज बाजूला ठेवून या गोष्टी बघा. बार उडवण्याआधी प्रत्येक बंदूक कुणी तपासतंय का? प्रेक्षकांना अडवणाऱ्या दोराच्या आत फक्त लक्ष ठेवण्यासाठी, हातात शस्त्र न घेता उभा असलेला माणूस आहे का? एखादं पोर दोर ओलांडून आत आलं तर सगळं क्षणात थांबतं का? या तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर तो गट चांगला. नसेल तर त्यांचे कपडे कितीही देखणे असोत, तिथे नाव नोंदवू नका.

गटात शिरणं

गटांना इथे ‘क्रू’ म्हणतात. दुपारी सादरीकरण संपल्यावर तंबूपाशी जाऊन सरळ विचारायचं: नवीन माणसं घेता का? बहुतेक गट आनंदाने घेतात. उसने कपडे देतात, पहिले काही कार्यक्रम पाणी भर, सामान उचल, प्रेक्षकांशी बोल अशी कामं देतात. ही कामं कमीपणाची मानू नका. तुम्ही सूचना ऐकता का, थकल्यावर चिडता का, हे ते त्यातूनच बघत असतात. ज्याच्या हातात उद्या बंदुकीची दारू द्यायची, त्याला ओळखून घेण्याची हीच रीत आहे.

विचारायचेच असे दोन प्रश्न. गटाचा सार्वजनिक दायित्वाचा विमा आहे का आणि नवख्याला तो कधीपासून लागू होतो? आणि शस्त्रांची लेखी नियमावली आहे का? ती घरी नेऊन वाचा. वयाची अट गटागटाप्रमाणे वेगळी असते, पण बंदूक चालवायला सहसा १६ किंवा १८ पूर्ण लागतात. मुलांना घेऊन जायचं असेल तर छावणीत त्यांच्यासाठी गाठी मारणं, शिवण, स्वयंपाक असं भरपूर काही असतं.

कुठला काळ, कुठला माणूस

‘चाच्यांचा काळ’ ढोबळमानाने १६५० ते १७२६ असा धरतात, पण त्यात तीन पिढ्या आहेत. सर्लच्या वेळचा कॅरिबियनमधला बकनिअर (तिथल्या चाच्यांना हेच नाव होतं) आणि १७१८ चा बहामातला चाचा यांचे कपडे वेगळे, बंदुकाही वेगळ्या. पहिल्याच्या हातात तोड्याची (पेटत्या वातीने उडणारी) बंदूकही शोभते, दुसऱ्याच्या हातात चकमकीचीच (गारगोटीच्या ठिणगीने उडणारी). तुमच्या गटाने धरलेलं साल विचारा आणि त्याच्या मागेपुढे दहा वर्षांतच रहा.

या दोहोंच्या मधली एक पिढी हिंदी महासागरातली आहे, आणि इथे आपल्याला सांगण्यासारखं खूप आहे. सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या चाच्याने येमेनमधल्या मोख्याकडून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज पकडलं. त्यावर हजहून परतणारे यात्रेकरू होते, बायका होत्या. त्यांच्यावर झालेले अत्याचार समकालीन लेखनात नोंदलेले आहेत. सुरतेतल्या इंग्रज व्यापाऱ्यांना त्यापायी कैद भोगावी लागली. विल्यम किड १६९७ मध्ये पाणी भरायला कारवारला थांबला होता. जानेवारी १६९८ मध्ये त्याने मलबार किनाऱ्याजवळ ‘केदा मर्चंट’ पकडलं. त्यात मलमल, रेशीम, साखर, अफू आणि सोरा होता. १७०१ मध्ये लंडनला त्याला फाशी झाली. छावणीत प्रेक्षक एव्हरीच्या खजिन्याबद्दल विचारतात तेव्हा मी जहाजावरच्या माणसांबद्दलही सांगते. चाच्याचा वेश घालणाऱ्याने लुटल्या गेलेल्यांची नावं-गावं माहीत करून घ्यावीत, हे माझं ठाम मत आहे. ‘विडा’ हे सॅम बेलामी या चाच्याचं प्रसिद्ध जहाज मुळात गुलाम वाहून नेणारं होतं, हेही तसंच.

कान्होजी आंग्र्यांचं काय, हा प्रश्न मराठी माणसाला हमखास विचारला जातो. इंग्रजी पुस्तकांत त्यांना चाचा म्हटलेलं सापडतं, त्यामुळे एखादा उत्साही गटप्रमुख म्हणेल, तू आंग्रे हो. माझं उत्तर असं असतं: ते मराठा आरमाराचे सरखेल होते, छत्रपती शाहूंची मान्यता त्यांना होती आणि आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांना ते परवाने देत. १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर इंग्रजांचे हल्ले फसले. १७२१ मध्ये कॉमोडोर मॅथ्यूज हा मादागास्करच्या चाच्यांचा बंदोबस्त करायला आलेलं आरमार घेऊन पोर्तुगीजांच्या साथीने कुलाब्यावर चालून गेला आणि तिथेही हात हलवत परतला. चाच्यांच्या मेळ्यात मराठा आरमारी माणूस उभा करायचाच असेल तर चाचे ज्याला टरकून असतील असा दर्यासारंग म्हणून उभा करा, त्यांच्यातला एक म्हणून नको. पण खरं सांगायचं तर नवख्यासाठी सोपी भूमिका साध्या खलाशाची. त्या जहाजांवर इंग्रज, डच, फ्रेंच, आफ्रिकी अशी सगळ्या मुलखांतली माणसं होती आणि हिंदी महासागरात ‘लास्कर’, म्हणजे आशियाई खलाशीही भरपूर होते. तुमचा चेहरा तिथे परका दिसत नाही.

कपडे, आणि त्यांचा आगीशी संबंध

पिंडरीपर्यंत येणारे कातडी बूट, सोनेरी वेलबुट्टीचा डगला, डोळ्यावर पट्टी. हे सगळं दुकानात तयार मिळतं आणि रीएनॅक्टमेंटमध्ये बिनकामाचं आहे. ब्रिटिश नौदलाने १७०६ मध्ये खलाशांसाठी कपड्यांचं कंत्राट दिलं होतं. त्यात करड्या लोकरीचं, लाल अस्तराचं, पितळी बटणांचं आखूड जाकीट आणि निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा सदरा होता. साधारण असंच घ्या: लिननचा सैल सदरा, गुडघ्याखाली संपणारी ढगळ विजार, लोकरीचं जाकीट, गळ्याला रुमाल, विणलेली टोपी, मोजे, बंदाचे किंवा बकलाचे बूट.

बायकांनी पुरुषी कपडे घातले तर चालतात का? त्याला पुरावाच आहे. १७२० मध्ये जमैकात ॲन बॉनी आणि मेरी रीड या बायका-चाच्यांवर खटला चालला. त्यात डोरोथी थॉमस या बाईने साक्ष दिली की दोघी पुरुषांची जाकिटं, लांब विजारी आणि डोक्याला रुमाल अशा वेशात होत्या आणि प्रत्येकीच्या हातात कोयत्यासारखं मॅशेटे आणि पिस्तूल होतं. एका वाक्यात पेहरावही मिळाला आणि शस्त्रंही.

लिनन आणि लोकर हा आग्रह फक्त अस्सलपणासाठी नाही. चकमकीच्या बंदुकीतून बाजूला ठिणग्या आणि जळती दारू उडते. लोकरीवर पडली तर काळा डाग पडतो. पॉलिस्टरवर पडली तर कापड वितळून कातडीला चिकटतं. म्हणून सणासुदीचा चमकता कुर्ता किंवा सिंथेटिक ओढणी दोराच्या आत नाही म्हणजे नाही. आपल्याकडची खरी छापील सुती छीट मात्र गळ्याच्या रुमालाला झकास. इंग्लंडने १७०० च्या कायद्याने हिंदुस्तानी छापील कापडाच्या आयातीवर बंदी घातली होती, म्हणजे चाच्याच्या गळ्यात ती अगदी शोभते.

तलवार

खलाशाची तलवार म्हणजे कटलस: आखूड, रुंद, किंचित वाकडी, मुठीवर पितळी किंवा लोखंडी परज. गटाने लढतीचं शिक्षण दिलं तरच ती हातात घ्यायची. लढतीच्या तलवारीला धार नसते. कड जाड आणि गुळगुळीत घासलेली, टोक गोल. प्रत्येक लढतीआधी पात्यावरून बोट किंवा कापूस फिरवायचा. आदल्या दिवशीच्या ठोक्यांनी कडेला खाचे पडतात आणि ते खाचे धारेपेक्षा वाईट कापतात. सापडलेला खाचा कानशीने तिथल्या तिथे घासायचा. मूठ हलत असेल तर ती तलवार त्या दिवशी पेटीत जाते.

लढती आधी बसवलेल्या असतात. वार कुठून येणार, कुठे अडवायचा, कोण कधी पडणार हे सगळं ठरलेलं असतं, आणि चेहऱ्याकडे वार नाही, भोसकणं नाही. मर्दानी खेळ शिकलेल्यांनी इथे जास्त काळजी घ्यायची. पट्टा किंवा तलवार फिरवायचा तुमचा हात चपळ असेल, पण समोरच्याला तुमची लय माहीत नाही. आधी त्यांची पद्धत शिका, मग प्रमुखाच्या परवानगीने आपला खेळ वेगळा, एकट्याने दाखवा. लोक डोक्यावर घेतात.

छावणीत किंवा मेळ्याच्या गर्दीत फिरताना तलवार म्यानात आणि मूठ वादीने म्यानाला बांधलेली असते. याला ‘पीस-टाय’ म्हणतात. कुणी ‘बघू तरी’ म्हणून हात पुढे केला तर हसून नाही म्हणायचं.

कायदा: राहता तिथला

नवखे सगळ्यात जास्त गोंधळतात ते इथे. देश, राज्य आणि कधी शहर असे तीन थर असतात, आणि वरच्या थराने हो म्हटलं म्हणून खालचा म्हणेलच असं नाही.

अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय बंदूक कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली शस्त्रं आणि काळी दारू (जुन्या पद्धतीची बंदुकीची दारू) वापरणाऱ्या ठासणीच्या बंदुकांच्या बहुतेक प्रतिकृती ‘प्राचीन’ धरल्या जातात आणि त्या आधुनिक बंदुकीच्या व्याख्येबाहेर राहतात. त्यामुळे बऱ्याच राज्यांत चकमकीची बंदूक टपालाने घरपोच येते. न्यू जर्सीत नाही. एडिसन-जर्सी सिटीकडच्या मंडळींनी हे नीट वाचा: तिथे काळ्या दारूची लांब बंदूक घ्यायला बंदूक ओळखपत्र आणि चकमकीचं पिस्तूल घ्यायला साध्या पिस्तुलासारखाच खरेदी-परवाना लागतो. दुसऱ्या राज्यातल्या मेळ्यात विकत घेऊन घरी नेणं हा तिथे गुन्हा ठरू शकतो.

एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर आणखी जपा. संघीय कायदा अशा बहुतेकांना आधुनिक बंदूक बाळगू देत नाही. ठासणीची प्राचीन बंदूक त्या मनाईत येत नाही, पण राज्याचा कायदा वेगळा असू शकतो आणि पोलिसाला रस्त्यावर हा फरक समजावत बसण्याची वेळ व्हिसाधारकावर येऊ नये. माझा सल्ला साधा आहे: ग्रीन कार्ड मिळेपर्यंत स्वतःची बंदूक घेऊच नका. गटाची बंदूक, गटाच्या दारू-अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, फक्त मैदानावर वापरा. त्यातही शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. पाहुण्यासारखे राहत असताना एका छंदापायी व्हिसा धोक्यात घालायचा नाही.

तलवारीचंही राज्यागणिक निराळं. टेक्सासमध्ये साडेपाच इंचांपेक्षा लांब पातं शाळा, मनोरंजन पार्क अशा ठरावीक जागी नेता येत नाही. कॅलिफोर्नियात कमरेला म्यानात उघड दिसणारं पातं राज्याच्या कायद्याला चालतं, कपड्याखाली लपवलेला खंजीर चालत नाही आणि काठीत लपवलेली गुप्ती तर मुळीच नाही. लॉस एंजेलिससारख्या शहरांचे आपले वेगळे नियम आहेत. म्हणून जाता-येता शस्त्रं गाडीच्या डिकीत, पेटीत, कुलपात. वाटेत पेट्रोल भरायला किंवा जेवायला उतरलात तरी कमरेला काही नको.

विमानाने जाणार असाल तर तलवार फक्त चेक-इन सामानात, नीट गुंडाळून. बंदूक रिकामी, कडक कुलूपबंद पेटीत आणि काउंटरवर सांगून. काळी दारू मात्र विमानात कुठेच चालत नाही, हातातल्या सामानात नाही आणि खालच्याही नाही. ज्या पिशवीत दारूचा डबा किंवा दारू ठेवायचं शिंग होतं तीही घरी ठेवा, तपासणीत तिच्यामुळे इशारा वाजतो.

ब्रिटनमध्ये सगळंच जास्त घट्ट. लांब नळीची गुळगुळीत मस्केट शॉटगन प्रमाणपत्रावर मिळते, चकमकीच्या पिस्तुलाला त्याहून वरचं फायरआर्म प्रमाणपत्र लागतं आणि काळी दारू घ्यायला-ठेवायला पोलिसांकडून वेगळं स्फोटक प्रमाणपत्र. खरी जुनी बंदूक भिंतीवर शोभेला ठेवली तर सूट आहे. तिने बार उडवायचं ठरवलंत की सूट संपली. ५० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब वाकड्या पात्याच्या तलवारीच्या विक्री-आयातीवर २००८ पासून बंदी आहे, आणि कटलस वाकडीच असते. रीएनॅक्टमेंटसाठी त्यात सवलत आहे, पण विमा असलेल्या गटाचं सदस्यत्व दाखवावं लागतं. म्हणून तिथे तर आधी गट, मगच खरेदी.

आता भारताशी जोडलेली गोष्ट. ‘गावच्या वाड्यात पणजोबांची तलवार आहे, ती घेऊन येऊ का?’ नको. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्र देशात आणायला किंवा बाहेर न्यायला परवाना लागतो. म्हणजे इथली कटलस सुट्टीत भाच्याला भेट म्हणून नेणंही तितकंच चुकीचं. पणजोबांची तलवार वाड्यातच असू दे, तिचा फोटो छावणीत दाखवा.

बंदूक

आता वळू ठासणीच्या बंदुकीकडे. तिचा कारभार असा चालतो. घोड्याच्या जबड्यात चामड्याच्या तुकड्यात धरलेली गारगोटी असते. चाप ओढला की घोडा पडतो, गारगोटी समोरच्या पोलादी पट्टीवर घासते, ठिणग्या खालच्या कानात, म्हणजे छोट्या वाटीत, ठेवलेल्या रंजकावर (पेटवणीच्या दारूवर) पडतात. रंजक भक्कन पेटतं, ज्वाळा बारीक भोकातून नळीत शिरते आणि आतली दारू उडते. म्हणजे प्रत्येक बाराला दोन ज्वाळा. एक तोंडातून, आणि दुसरी बाजूने, तुमच्या उजवीकडच्या सोबत्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर. म्हणून कानाच्या बाजूला पितळी आडोसा बसवतात. तो नसलेली बंदूक रांगेत उभी करू देत नाहीत.

खरेदी करताना एक गोष्ट आपल्याला जवळची वाटेल. अमेरिकेत मिळणाऱ्या स्वस्त प्रतिकृतींपैकी पुष्कळ भारतात बनतात. त्या सहसा शोभेची वस्तू म्हणून, रंजकाचं भोक न पाडता पाठवतात, आणि इथले विक्रेते भोक पाडून देतात. त्यातल्या काही चांगल्या निघतात, पण नळी दाबाच्या चाचणीतून गेलेली असतेच असं नाही. नळीवर प्रूफ-हाउसचा, म्हणजे अशी चाचणी करणाऱ्या संस्थेचा, शिक्का असलेली इटालियन प्रतिकृती बरीच महाग पडते. घाई नसेल तर गटातल्या कुणाची तपासलेली जुनी बंदूक घ्या. भोक स्वतः पाडायच्या फंदात पडू नका.

तपासणी रोज सकाळी होते आणि तिच्यातून कुणालाही सुटका नाही. आधी नळीत गज सोडायचा. रिकामी असेल तर तो तळाच्या लोखंडावर आपटून खणखणतो, आत काही उरलं असेल तर नुसता थप्प असा आवाज येतो. तो ‘खण्ण’ ऐकल्याशिवाय अधिकारी पुढे जात नाही. मग घोडा अर्धा चढवून चाप दाबून बघतात. पडता कामा नये. पडला तर ती बंदूक त्या दिवसापुरती बाद, मालक गटाचा प्रमुख असला तरी. मग गारगोटी घट्ट आहे का, पोलादी पट्टीवर चामडी टोपी आहे का, आडोसा बसलाय का, हे बघतात. गज बहुतेक मैदानांवर तपासणीनंतर काढून ठेवतात किंवा जागच्या जागी अडकवतात. घाईत गज नळीतच राहून गेला आणि बार उडाला तर तो भाल्यासारखा सुटतो, एवढंच कारण पुरे.

भरायची पद्धत अशी. दारू आधी मोजून बांधलेल्या कागदी काडतुसांतच असते. शिंगातून थेट नळीत ओतायला सक्त मनाई, कारण आत एखादा निखारा धुमसत असेल तर ज्वाळा उलटी शिंगात शिरते आणि शिंग हातात फुटतं. काडतूस दाताने फाडायचं, चिमूटभर दारू कानात रंजक म्हणून, पट्टी झाकायची, बाकीची नळीत, बुड जमिनीवर हलकेच आपटायचं. बस्स. कागद नळीत जात नाही आणि ठासणं नाही. पोकळ बार, म्हणजे गोळीशिवायचा, असला तरी आत घातलेला कागदाचा बोळा जवळून गोळीइतकाच घातक ठरू शकतो. दारूचं माप मी इथे मुद्दाम देत नाही. ते तुमच्या बंदुकीच्या नळीवर आणि गटाच्या नियमांवर ठरतं आणि तिथेच शिकायचं असतं. घरी काडतुसं वळायची असतील तर आधी गटातल्या अनुभवी माणसासमोर वळा, जवळ चूल, मेणबत्ती, सिगरेट काही नको, आणि मोबाइलही दूर ठेवा, कारण मोजताना लक्ष तुटलं की माप चुकतं.

बार उडवताना नळी समोरच्याच्या डोक्यावरून, उंच. कुणावरही नेम धरायचा नाही, तो तुमचा नवरा असला आणि चाचा म्हणून चिडवत असला तरी. जवळ आलेल्या शत्रूवर बार नाही, तिथे तलवार किंवा शरणागती. किती अंतर ते त्या मैदानाचा अधिकारी सकाळी सांगतो.

बार फुसका गेला, म्हणजे रंजक पेटलं पण नळी उडाली नाही, तर नवखा पहिली गोष्ट करतो ती नळी खाली करून आत डोकावतो. ती कधीही करू नका. नळी वर आणि लोकांपासून लांब धरून थांबा. आतली दारू उशिरा पेटू शकते. मग सुईने भोक साफ करा, नवीन रंजक घाला, पुन्हा प्रयत्न करा. तरीही नाही उडाली तर घोडा अर्ध्यावर, पट्टीवर टोपी, आणि ‘मिसफायर’ म्हणून अधिकाऱ्याला सांगून रांगेतून मागे. लढाई तुमच्याशिवायही पुढे चालते, प्रेक्षकांना कळतही नाही.

एक ओरड सगळ्यांनी पाठ करायची: ‘होल्ड!’ ती कुणीही देऊ शकतो, काल आलेला नवखा आणि दहा वर्षांचं पोरसुद्धा. ती ऐकली की घोडे अर्ध्यावर, तलवारी खाली, आणि सगळे जागच्या जागी. खरी दुखापत झाली तर ‘मेडिक!’ अशी वेगळी हाक देतात, म्हणजे खोटं मरणं आणि खरं लागणं यांत गल्लत होत नाही.

राष्ट्रीय उद्यान सेवेच्या जागी, म्हणजे कास्तियोसारख्या किल्ल्यांत, दोन बाजूंनी एकमेकांवर बार उडवणं, खोटं मरून पडणं, हातघाईची लढत हे काहीच चालत नाही. फक्त प्रात्यक्षिक, तेही त्यांच्या प्रशिक्षित पर्यवेक्षकाच्या हाताखाली. तिथे नेहमीची लढाई का नाही, म्हणून नवखे हिरमुसतात. मला उलट ही प्रात्यक्षिकं आवडतात. एका बाराला किती हालचाली लागतात हे प्रेक्षक शांतपणे बघतात आणि मग प्रश्नही चांगले विचारतात.

दिवस संपल्यावर

काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा खेचते आणि रात्रीतून नळीला गंज धरतो. फ्लोरिडाच्या किंवा कॅरोलायनाच्या दमट हवेत तर फारच लवकर. म्हणून कितीही दमलात तरी त्याच संध्याकाळी साफसफाई. आधी गजाने पुन्हा खणखणाट ऐकायचा. गारगोटी काढायची. भोकात टोकदार काडी खोचून नळीत गरम पाणी भरायचं, हलवायचं आणि ओतायचं, पाणी काळ्याऐवजी स्वच्छ येईपर्यंत. मग गजाला चिंधी गुंडाळून नळी कोरडी करायची, मग तेलाची चिंधी. घोडा आणि पट्टी जुन्या दात घासायच्या ब्रशने घासायची, कानाच्या कोपऱ्यात पांढुरकं काही उरलं असेल तर तिथूनच गंज सुरू होतो. तलवारीचं पातं पुसून हलकं तेल, आणि ते कातडी म्यानात ठेवायचं नाही, कातडं ओल धरतं. घरी वेगळं गुंडाळून ठेवा.

उरलेली काडतुसं दारू-अधिकाऱ्याकडे मोजून परत करा आणि त्याच्या वहीत सही करा. खिशात एखादं राहिलं असेल तर ते त्याच रात्री सांगा, कारण तो विजार-सदरा सोमवारी धुलाईला जाणार आणि मंगळवारी विमानतळावर तुमची बॅग उघडली जाणार.